बुटाच्या जिभेवरचं अर्धंच खरं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात रंकाळ्यावर पळायला गेलो होतो. तिसऱ्या फेरीला संध्यामठाच्या आसपास डाव्या बुटाचा तळ सुटला, आणि पुढून बदकाची चोच उघडावी तसा लोंबायला लागला. बूट झिजलेला नव्हता. पाच-सहा वर्षं कपाटात खोक्यातच पडून होता, त्या दिवशी हौसेनं बाहेर काढला होता. घरापर्यंत फटक-फटक करत आलो आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बूट पिशवीत घालून चप्पल लाईनच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या मामांकडे गेलो. मामांची हयात पायताणं शिवण्यात गेलीय. त्यांनी बूट दोन्ही हातांनी पिळला, चोचीत बोट घालून आतून फिरवलं आणि म्हणाले, "ह्यात शिवण कुठाय? समदं चिकटवल्यालंच हाय की."

मी म्हटलं, मामा, मग कापूनच दाखवा आत काय आहे ते.

त्यांनी रापी घेतली आणि कलिंगड चिरावं तसा बूट टाचेपासून चवड्यापर्यंत उभा चिरला. वर जाळीचं कापड, त्याच्या आत पातळ स्पंज, मग अस्तर. टाचेभोवती कडक प्लास्टिकची वाटी. पायाखाली काढता-घालता येणारी गादी, तिच्या खाली कापडाचा एक तुकडा, वरच्या भागाला कडेनं गोल शिवलेला. ("ही बगा शिवण, लपून बसलीया," मामा.) त्याखाली दोन बोटं जाड पांढरा फोम आणि सगळ्यात खाली काळं रबर. नाडी, नाडीच्या टोकाची टोपणं, चमकणारी पट्टी, कंपनीचं चिन्ह हे वेगळंच. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला इवलंसं लेबल: मेड इन व्हिएतनाम.

हे लेबल खोटं नाही, पण ते फक्त शेवटचा मुक्काम सांगतं. हे सगळे तुकडे कुठे एकत्र चिकटवले गेले, एवढंच. तुकडे कुठून आले, ते कुणी ठरवलं, पैसे कुणाकडे गेले आणि माझ्या मापाचा बूट राजारामपुरीतल्या दुकानात कधीच का नसतो, यातलं काही त्यावर लिहिलेलं नसतं.

आधी तळ का सुटला ते सांगून टाकतो. बुटाचा गोंद बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो आणि त्याला ओलावा बाधतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या कमरेच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे बंद खोक्यातला गोंद कसा टिकणार? दमट हवेनं त्याची पकड आतल्या आत तुटत जाते. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि पहिल्याच धावेला तळ हातात येतो. बूट ठेवून ठेवून टिकत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मामांनी माझा एकच बूट फाडला. २०१३ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी धावण्याच्या एका बुटाचा रीतसर पंचनामा केला होता. त्यांना सुटे भाग मिळाले ६५ आणि ते बनवून जोडायच्या प्रक्रिया ३६० पेक्षा जास्त. एका जोडामागे साधारण १४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असाही हिशेब त्यांनी मांडला. मला वाटलं होतं, यातला बराचसा धूर जहाजांचा असणार. तसं नाही. दोन तृतीयांशाहून जास्त वाटा कारखान्यातला निघाला. भाग छोटे, त्यामुळे प्रत्येकासाठी वेगळं छोटं यंत्र, वेगळी भट्टी, वेगळा साचा, आणि हे सगळं मुख्यतः कोळशाच्या विजेवर.

मामांच्या पायताणाचा हिशेब याच्या शेजारी ठेवून बघा. कातडं, ते कमवायला बाभळीची साल आणि हिरडा, वेणीसाठी त्याच कातड्याच्या बारीक वाद्या. कापणारा घरचा, वेणी घालणाऱ्या घरच्याच बाया. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठच जिल्हे आहेत. सगळी साखळी एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात संपते. बुटाची साखळी मात्र पृथ्वीला वळसा घालून येते, आणि त्यात कोल्हापूरकराला ओळखीच्या वाटाव्यात अशा गोष्टी भरपूर आहेत.

फोमचंच घ्या. बुटाचा जीव तोच. पळताना गुडघ्याला बसणारा दणका तो झेलतो. बहुतेक बुटांत हा फोम इव्हीए नावाच्या प्लास्टिकचा असतो. खनिज तेलातून निघणारा नाफ्था किंवा नैसर्गिक वायू यांच्यापासून इथिलीन तयार होतं, त्याला व्हिनाइल ॲसिटेट जोडलं की इव्हीए. ते साबुदाण्यासारख्या दाण्यांच्या रूपात पोत्यांतून बुटाच्या कारखान्यात पोचतं. त्यात रंग आणि उष्णतेनं वायू सोडणारी पूड मिसळतात आणि तापलेल्या साच्यात दाबून भरतात. आत वायू सुटायला बघतो, पण जागा नसते. साचा उघडला की फोम टुणकन फुगून बाहेर उडी मारतो. जाळीदार आंबोळी जशी पिठातल्या हवेनं हलकी होते, तशीच ही जाळी, फक्त डोळ्याला न दिसण्याइतकी बारीक.

इथे शिरोलीतल्या पॅटर्नवाल्यांना गंमत वाटेल. फाउंड्रीत ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून ज्यावरून साचा घडवतात तो पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करतात. फोमचं उलटं. तो साच्यातून निघाल्यावर फुगतो, म्हणून साचा मुद्दाम लहान करावा लागतो. किती लहान, हे फोमच्या मिश्रणावर अवलंबून असतं. मिश्रण बदललं की साचा गेला भंगारात. शिवाय एका मापाचा साचा दुसऱ्या मापाला चालत नाही, डाव्याचा उजव्याला चालत नाही. म्हणजे एकाच मॉडेलच्या दहा-बारा मापांसाठी धातूचे दोन डझन साचे, आणि उत्पादन वाढवायचं तर तेवढेच पुन्हा. हा साच्यांचा खर्च लक्षात ठेवा, माझ्या मापाची भानगड इथूनच सुरू होते.

फोमचं आणखी एक नातं आपल्या पंचगंगेच्या खोऱ्याशी आहे. इथिलीन तेलातूनच काढायला हवं असं नाही. उसापासून इथेनॉल होतं, इथेनॉलमधून पाणी काढलं की इथिलीन. ब्राझीलमधली ब्रास्केम ही कंपनी हेच करते, आणि २०१८ साली ऑलबर्ड्स या कंपनीनं त्या उसाच्या इव्हीएचे तळ बाजारात आणले. ऊस, डिस्टिलरी, इथेनॉल इथपर्यंत सगळं आपल्याकडेही आहे. आपलं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं.

रबर मात्र तेलाचंही असतं आणि झाडाचंही. बहुतेक तळांत दोन्ही मिसळलेली असतात. झाडाचं रबर मुख्यतः थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधून येतं. झाड लावल्यावर चीक मिळायला सहा-सात वर्षं थांबावं लागतं, आणि साल तासायचं काम पहाटे करतात, कारण तेव्हा चीक चांगला वाहतो. त्यात गंधक घालून तापवलं की ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही.

वरच्या जाळीबद्दल फार लिहीत नाही. पॉलिएस्टरचं सूत, म्हणजे पुन्हा तेलच. इचलकरंजीच्या माणसाला सूत, ताणा, बाणा समजावणं म्हणजे कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन कसं करतात ते सांगण्यासारखं. नवीन एवढंच की २०१२ पासून नायकेनं आणि पाठोपाठ आदिदासनं बुटाचा वरचा भाग स्वेटरसारखा थेट आकारातच विणायला सुरुवात केली. आधी कापडाच्या ताग्यातून तुकडे कापायचे आणि उरलेल्या चिंध्या फेकायच्या, ते बरंच कमी झालं.

आता हे सगळं एकत्र येतं त्या कारखान्यात शिरू. वरच्या भागाचे तुकडे शिलाई मशीनवर जोडले जातात. ओळीनं बसलेल्या बाया, प्रत्येकीकडे एकच शिवण: ही टाच जोडते, ती जीभ लावते, पुढची भोकांची पट्टी. तयार झालेली पिशवी पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवतात. त्याला लास्ट म्हणतात, आपल्याकडचा फर्मा. गरम करून ती फर्म्यावर घट्ट ताणली की बुटाला बुटाचा आकार येतो. मग वरच्या भागावर नेमकी कुठपर्यंत गोंद लावायचा याची रेघ आखतात, आधी प्रायमर, मग गोंद, हातातल्या ब्रशनं. पट्ट्यावरून बूट आणि तळ दोन्ही गरम भट्टीतून जातात. बाहेर आल्यावर एक माणूस डोळ्यांच्या अंदाजानं तळ बुटाला लावतो, अंगठ्यांनी कडा दाबतो आणि प्रेसमध्ये ढकलतो. नंतर थंड खोली, मग फर्मा ओढून काढायचा, तपासणी, खोकं.

सगळ्या साखळीचं गुपित या ब्रशात आणि अंगठ्यात आहे, असं मला वाटतं. मोटार जोडायला यंत्रमानव आले, कारण पत्रा कडक असतो, सांगितलेल्या जागी बसून राहतो. जाळीचं कापड लोळतं, ताणतं, प्रत्येक तुकडा एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असतो. ते हातालाच कळतं. आदिदासनं जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाजवळ स्पीडफॅक्टरी या नावानं यंत्रमानवांचे कारखाने काढून बघितले. माणसं कमी लागतील, बूट गिऱ्हाइकाच्या दाराशी तयार होतील, असा बेत होता. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी दोन्ही बंद करायचं जाहीर केलं आणि तिथलं तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे नेलं.

यंत्राला जमत नाही म्हटल्यावर स्वस्त हात शोधायचे. आपल्या उसाच्या पट्ट्यात हात कामाकडे येतात. दर हंगामाला बीडकडून टोळ्या येतात, फडात कोपी बांधून राहतात, कारण ऊस उचलून बीडला नेता येत नाही. बुटाचं काम उचलून नेता येतं. म्हणून इथे काम हातांकडे जातं.

किती फिरलंय ते बघा. १९६४ साली फिल नाइट आणि त्यांचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी ओरेगॉनमध्ये जपानचे ओनित्सुका टायगर बूट आणून विकायला सुरुवात केली. तेव्हा जर्मन बुटांचं राज्य होतं आणि जपानी बूट स्वस्त पडत. १९७१ मध्ये हीच कंपनी नायके झाली. जपानमधली मजुरी वाढली, तसं काम दक्षिण कोरियातल्या बुसानला आणि तैवानला सरकलं. तिथली मजुरी वाढल्यावर चीनच्या ग्वांगडोंगमध्ये, मग इंडोनेशिया आणि व्हिएतनाममध्ये. आज नायकेचे जवळपास निम्मे बूट व्हिएतनाममध्ये बनतात, पाव इंडोनेशियात, आणि चीनचा वाटा पाचव्या हिश्शाच्याही खाली आलाय.

एक गोष्ट मात्र हलली नाही. कारखान्याचे मालक बऱ्याचदा तेच राहिले. तैवानमध्ये चांगहुआला १९६९ साली सुरू झालेला पाउ चेन हा उद्योगसमूह आज खेळाचे ब्रँडेड बूट बनवणारा जगातला सगळ्यात मोठा कारखानदार आहे. नायके, आदिदास, असिक्स या बाजारात एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या कंपन्यांचे बूट तो बनवतो. दुकानात जाणाऱ्या किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? यात कोल्हापूरला नवल वाटायला नको. पुण्याच्या गाडीत शिरोलीचं किंवा गोकुळ शिरगावचं कास्टिंग असतं, बॉनेटवर नाव मात्र गाडीवाल्या कंपनीचं. नायकेच्या स्वतःच्या हातात मुख्यतः डिझाइन, जाहिरात आणि विक्री असते. तळाखालच्या हवेच्या पिशव्या मात्र बऱ्याचशा कंपनी स्वतः करते, त्यातल्या काही अमेरिकेतल्या ओरेगॉन आणि मिसुरीत. म्हणजे मेड इन व्हिएतनाम बुटाच्या टाचेखाली अमेरिकेत भरलेली हवा असू शकते.

काम दुसऱ्याचं आणि नाव आपलं, या पद्धतीत हात झटकणं सोपं जातं. नव्वदच्या दशकात इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधल्या कारखान्यांची मजुरी, सक्तीचा ओव्हरटाइम, गोंदातल्या टोल्युइन या घातक रसायनाच्या वाफा हे सगळं बाहेर आलं, तेव्हा कारखाने आमचे नाहीत, असंच उत्तर आधी मिळालं. १९९८ मध्ये नाइट यांनी जाहीर भाषणात कबूल केलं की नायकेचा माल म्हणजे गुलामीची मजुरी असं समीकरण झालंय. त्यानंतर अशा रसायनांऐवजी पाण्यात कालवलेले गोंद वाढले आणि २००५ साली कंपनीनं कारखान्यांची यादी उघड केली. तरी २०१४ च्या एप्रिलमध्ये चीनच्या डोंगग्वानमध्ये पाउ चेनच्याच उपकंपनीतल्या सुमारे ४० हजार कामगारांनी संप केला. मागणी होती, आमच्या सामाजिक विम्याचे पैसे पूर्ण भरा. आपल्या भाषेत पीएफचा लढा.

पुढचा मुक्काम आपल्या दक्षिणेला पडलाय. नायकेचे बूट करणारी तैवानची फेंग ताय कंपनी तामिळनाडूत चेय्यारला आहे, आदिदाससाठी अपाचे हा कारखाना आंध्रच्या टोकाला तडा इथे आहे. पाउ चेननंही २०२३ मध्ये कल्लाकुरिचीसाठी तामिळनाडू सरकारशी २,३०२ कोटींचा करार केला. यात एक चमत्कारिक नियम आहे. असे कारखाने बऱ्याचदा विशेष आर्थिक क्षेत्रात असतात आणि जकातीच्या दृष्टीनं ते क्षेत्र देशाबाहेरचं मानलं जातं. तिथून माल भारतात विकायचा तर आयात केल्यासारखी जकात भरायची. तामिळनाडूत शिवलेला बूट कोल्हापुरात परदेशी म्हणून येऊ शकतो तो असा. आणि कदाचित तावडे हॉटेलच्या चौकावरूनच हायवेनं वर भिवंडीच्या गोदामात जाऊन, पुन्हा खाली आपल्याकडे.

जकातीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. अमेरिकेत काही कॅनव्हास बुटांच्या रबरी तळावर फेल्टसारखा मऊ थर दिसायचा, दोन दिवसांत घासून जाणारा. तळाचा निम्म्याहून जास्त भाग कापडाचा असला की बूट घरात घालायच्या सपातेच्या वर्गात बसायचा आणि जकात कमी लागायची. म्हणजे तो थर पायासाठी नव्हताच, कस्टमच्या साहेबासाठी होता.

पैशाचं ढोबळ गणित असं. दुकानात १०० रुपयांचा बूट असेल तर कारखान्यातून निघताना त्याची किंमत साधारण पाव असते. त्यातच माल, वीज, साचे, कारखानदाराचा नफा आणि मजुरी. शिवणाऱ्या-चिकटवणाऱ्या हातांना दोन-तीन रुपये येतात. वाहतूक, जकात, डिझाइन, जाहिरात आणि ब्रँडचा नफा धरून दुकानदाराला तो निम्म्याला पडतो आणि वरचा अर्धा दुकानाचं भाडं, पगार, सेलमधली सूट यात जातो. आपल्याकडे जीएसटी आणखी वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. म्हणून २,४९९ च्या पाट्या वाढलेल्या दिसल्या तर दचकू नका.

आता माझं माप. ते ११. डिझाइन कागदावर आल्यापासून बूट दुकानात पोचायला सव्वा-दीड वर्ष लागतं. दुकानांकडून मागणी सहा-सहा महिने आधी घेतात, आणि ती ठरलेल्या प्रमाणातल्या संचात असते: ७, ८, ९ भरपूर, कडेची मापं एखाद-दुसरी किंवा नाहीतच. महागडे साचे जास्तीत जास्त चालवायचे तर मधल्याच मापांवर भर देणार. राजारामपुरीतला दुकानदार "पुढच्या आठवड्यात येतंय सर" म्हणतो, तेव्हा तो मला बरं वाटावं म्हणून बोलत असतो. त्या बुटाचा निकाल वर्षापूर्वीच लागलेला असतो. शिवाय आपल्याकडे मापं ब्रिटिश चालतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले तेव्हा आपले पाय रुंद असल्याचं दिसलं. रुंद पायाला बूट चावतो, मग आपण एक नंबर मोठा घेतो. कुणी सांगावं, मीही मुळात १० चाच असेन.

एवढ्या लांबच्या वेळापत्रकात एक दगड पडला की काय होतं, ते २०२१ मध्ये दिसलं. कोविडमुळे दक्षिण व्हिएतनाममधले कारखाने बंद पडले आणि नायकेचं तिथलं दहा आठवड्यांचं उत्पादन बुडालं. तयार माल आशियातून अमेरिकेला पोचायला तेव्हा ८० दिवस लागत होते, आधीच्या दुप्पट. फोम होता, रबर होतं, जाळी होती, साचेही होते. ब्रश धरणारी माणसं घरात अडकली होती.

मामांनी हे सगळं ऐकलं की नाही माहीत नाही. मधे दोन गिऱ्हाइकं झाली, एका पोरीच्या चपलेचा अंगठा बसवून झाला. चिरलेला फोम त्यांनी हातात दाबून बघितला, टिचकी मारली, बाजूला टाकला. रबराचा तळ मात्र रापीनं सोलून वेगळा केला, पुसला आणि पेटीत ठेवला. मग पिशवीतल्या उजव्या बुटाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यो पन ठेवा हितंच. टाचा लावायला रबर झ्याक हाय."